आबांच्या हौदातले चौदा मासे

मी आबांचे मासे मारले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याबद्दल कुणी फार चांगलं मत करून घ्यायला नको. चौदाच्या चौदा मारले, तेही मायेपोटी, आणि वर त्यांच्या तोंडावर खोटं बोलले. आज इतकी वर्षं झाली, तरी कुणाच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत मासे दिसले की मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत स्वयंपाकघरात जाऊन बसते. आमचे हे म्हणतात, "अगं, मासेच होते." मासेच होते! यांना काय जातंय बोलायला.

आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. आमची वस्ती तळेगाव ढमढेऱ्याच्या पलीकडे. चहूबाजूंनी ऊस, मध्ये दोन खोल्यांचं घर, विहीर आणि मेंढरांचं कुंपण. मी दौंडची. वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलेलो. गाडीच्या आवाजाशिवाय मला झोप यायची नाही. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन इथं आले, तर त्या शांततेनंच माझे कान दुखायला लागले.

त्यात घरात मला कुणी काम सांगेना. भाकरी थापायला बसले की सासूबाई परात ओढून घ्यायच्या. घागर उचलली की, "ठिव ती. बस तितं वट्ट्यावर." बस काय बस? मी काय पाहुणी होते? मला वाटलं, ही रेल्वेवाल्याची पोर, हिला काय जमणार, म्हणून बाजूला बसवलीय. मला राग यायला तसाही वेळ लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात मी भावाला पत्र लिहायला घेतलं, 'इथं मला परकी समजतात, येऊन घेऊन जा.' पत्र टाकायचं राहिलं, कारण त्याच आठवड्यातल्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी उजाडायच्या आत हाक मारली, "ऊठ गं, शेण काढायचंय." त्या दिवसापासून जी कामाला जुंपले, ती आजतागायत.

ते कोडं मला फार उशिरा सुटलं. आबा बाजारातून नवीन मेंढी आणायचे तेव्हा तिला कधीच लगेच कळपात सोडायचे नाहीत. तिच्यासाठी वेगळी जाळी, वेगळं पाणी. तळेगावचा आठवडी बाजार तीनदा होऊन जायचा, तोवर ती तिथंच. रोज तिच्याजवळ जाऊन बसायचे, तिचं नाक बघायचे, खुरं बघायचे. जुन्या मेंढरांच्या अंगाखालचं गवत तिच्यापुढं टाकायचे, म्हणजे वास ओळखीचा व्हावा. तिसरा बाजार झाला की मग जाळी उघडायची. त्या दिवशी जुन्या आणि नव्या, सगळ्यांच्या पाठीवर भंडारा उधळायचा. पिवळ्या पाठी सगळ्यांच्या सारख्या दिसायच्या. मग कोण कालची आणि कोण आजची, हे मेंढरांनाही कळत नसावं.

एकदा हे बघत उभी होते, तर सासूबाई म्हणाल्या, "तुला बी तीन बाजार ठिवली व्हती. ह्यांनीच सांगितलं व्हतं मला. पोरीला तीन बाजार हात लावू नगं, काम सांगू नगं, रागं भरू नगं. जीव लागू दे तिचा."

त्या संध्याकाळी मी आबांच्या ताटात दूध जरा जास्त वाढलं, एवढंच.

पुढं मेंढरं गेली. ऊस वाढला, माळ तारांच्या कुंपणात गेले, चारायला जागा उरली नाही. यांना सणसवाडीत कंपनीत नोकरी लागली होती, घरात मेंढरांमागं फिरायला आबांशिवाय दुसरं माणूस नव्हतं. एका सकाळी व्यापाऱ्याची गाडी आली. आबा प्रत्येक मेंढी स्वतः उचलून चढवत होते. शेवटची चढवली आणि हात झटकत घरात येऊन म्हणाले, "हितनं म्होरं सुरीसाठी काय पाळायचं न्हाई." त्यानंतर दोन वर्षांत सासूबाई गेल्या. आबा ओट्यावर बसून राहायला लागले. बोललं तर "व्हय", "न्हाई", "जेवतो". याच्यापुढं गाडी जात नव्हती. मी चिडचिड करायचे, मुद्दाम भांडण उकरून काढायचे, म्हटलं निदान ओरडतील तरी. तर म्हणायचे, "व्हय पोरी, तुजं खरं हाय." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

हौदाचं खूळ आमच्या यांचं. कुठल्याशा कृषी प्रदर्शनात बघून आले. विहिरीजवळ सिमेंटचा जुना हौद होता, मेंढरांना पाणी पाजायचा. त्यात मासे सोडायचे, आणि ते पाणी छोट्या मोटारीनं वर चढवून खडी भरलेल्या अर्ध्या ड्रमांत सोडायचं. खडीत पुदिना, पालक, कोथिंबीर लावायची. माशांच्या घाणीवर भाजी पोसते, आणि खडीतून गाळून खाली उतरलेलं स्वच्छ पाणी पुन्हा माशांना. याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात, हे मी पुढं कधीतरी पेपरात वाचलं. आम्ही आपलं आबांचा हौद म्हणायचो.

पहिले मासे माझ्या भावानं दौंडहून आणून दिले. भीमेतली चिलापी, बोटाएवढी पिल्लं. हे ती हौदात ओतायला निघाले, तर ओट्यावरून आबांचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी तो आवाज चढलेला ऐकला.

"थांब! आसं सोडत्यात व्हय?"

उठले, काठी टेकत आले. कंपनीतून आणलेला एक निळा ड्रम रिकामा होता. तो धुवून घेतला, त्यात पिल्लं ठेवली. तीन बाजार! रोज सकाळी हौदातलं एक तांब्या पाणी त्या ड्रममध्ये घालायचे आणि ड्रममधलं एक तांब्या काढून झाडाला टाकायचे. ड्रमशेजारी पोतं टाकून बसायचे. मी हसायचे.

"आबा, हौदात कोण बसलंय अजून? मोकळाच हाय की. वळख करून द्यायची कुणाशी?"

"पान्याशी," आबा म्हणाले. "पानी बी परकं असतंय पोरी."

तिसरा बाजार झाला आणि पिल्लं हौदात गेली. त्या दिवशी आबांनी देव्हाऱ्यातला भंडारा घेतला आणि हौदाच्या काठाला एक बोट लावलं. पाण्यात नाही टाकला. काठाला, फक्त एक बोट. हे मी बघितलं होतं. डोळ्यांनी बघितलं होतं आणि तरी ध्यानात ठेवलं नाही.

त्या पिल्लांतले चौदा जगले आणि तळहाताएवढे झाले, मग त्याहून मोठे झाले. आणि आबा माणसात आले. काठीला खाली लोखंडी टोपण होतं. ते हौदाच्या काठावर तीनदा वाजवलं की चौदाच्या चौदा मासे वर यायचे. आबा हात पाण्यात घालायचे. बोटांत शेंगपेंडेचा चुरा असायचा, मासे तोंडानं ओढून घ्यायचे. आबा हसायचे, अगदी आवाज करून. "ह्यो बघ हावरट. आन् ही गुदगुल्या करती निसती. ही आपली तुटकी." तुटकीची शेपटी मोटारीच्या पाइपात अडकून फाटली होती. आबांच्या लेखी मासा म्हणजे मेंढीच. एकेकीचा स्वभाव त्यांना पाठ होता. भाजी मी तळेगावच्या बाजारात न्यायचे, मासे मात्र कुणी मागितले तर आबा काठी उचलायचे.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतेय ते असं की, आबांनी त्या माशांना कधी बघितलंच नव्हतं. मासे आले त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. पिल्लं असताना काहीतरी हलतंय एवढं कळायचं. मासे मोठे होत गेले आणि नजर जात गेली. शेवटी शेवटी तर मला आवाजावरून ओळखायचे. चार वर्षं त्यांनी ते मासे नुसते हातानं ओळखले.

ऑपरेशनला ते तयार होत नव्हते. "काय बघायचं ऱ्हायलंय आता?" म्हणायचे. मीच एकदा वैतागून म्हटलं, "आबा, निदान मासं तरी बघा की तुमची!" दुसऱ्या दिवशी आबा स्वतःच म्हणाले, "जायाचं कवा शिरूरला?"

शिरूरला माझी नणंद राहते. ऑपरेशन तिकडच्याच दवाखान्यात, एक डोळा आधी, दुसरा नंतर, आणि धुळीपासून जपायचं म्हणून महिनाभर मुक्काम तिच्याकडे. जाताना आबांनी हौदाच्या काठावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "मी येस्तवर हाय तसं ऱ्हाऊ दे." बस, एवढंच सांगितलं. हाय तसं. यात न समजण्यासारखं काय होतं?

तिकडे डॉक्टरांनी त्यांना विचारलं म्हणे, "आजोबा, पट्टी काढल्यावर पहिलं कुणाला बघणार?" नणंद आपली दोन्ही मुलं घेऊन शेजारी उभी. आबा म्हणाले, "मासं." नणंदेनं फोनवर मला हे सांगितलं ते रुसून, आणि मी हसून हसून यांना सांगितलं. आणि हसता हसता माझ्या डोक्यात ते शिरलं.

चिलापी म्हणजे काही देखणा मासा नाही. आमच्या हौदाचं पाणी हिरवट, त्यात ते मळकट मासे. मला वाटलं, हा माणूस इतक्या वर्षांनी डोळे उघडणार, आणि त्याला काय दिसणार? चिखलाच्या रंगाचे चौदा मासे? आबांना रंग दिसले पाहिजेत. लाल, केशरी, असे लखलखीत रंग.

मी दौंडला गेले. स्टेशनाजवळच्या एका गल्लीत रंगीत मासे विकणारा बसायचा, भावानं तो दाखवला. सहा केशरी मासे घेतले. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत पाणी घालून, हवा भरून, रबर लावून दिलं. म्हणाला, "घरी गेल्यावर पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवा अर्धा तास. पिशवीतलं पाणी आणि हौदातलं पाणी सारखं गार झालं की मग मासे सोडा. आणि ताई, जुने मासे असतील तर हे आधी वेगळे ठेवा थोडे दिवस." त्यानं सांगितलं होतं, हो! आबांचंच म्हणणं त्यानं पँट-शर्टात सांगितलं. मी मान हलवली.

दौंडहून एसटीनं चौफुला, तिथून जीपनं न्हावरा, तिथून दुसरी जीप. फाल्गुनातलं ऊन. पिशवी मी मांडीवर घेतली होती आणि पदराखाली झाकली होती. शेजारची बाई म्हणाली, "तान्हं हाय का?" मी म्हटलं, "व्हय, सहा हायती." सगळी जीप हसली. इतकी खुशीत होते मी त्या दिवशी.

आबा यायला आठ दिवस होते. आठ दिवसांत तीन बाजार कुठून आणायचे? निळा ड्रम समोर होता, रिकामा होता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा. पण ड्रममध्ये ठेवले तर आबा येतील तेव्हा ते ड्रममध्येच असणार, आणि आबा हौदात बघणार. मला ते हौदात हवे होते. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली, तेवढं मात्र केलं. मग रबर काढलं आणि पिशवीतल्या पाण्यासकट सगळं ओतून दिलं.

आणि भंडारा टाकला. नव्या-जुन्यांना मिसळताना भंडारा उधळायचा, ही आबांची रीत मी चुकवणार नव्हते! देव्हाऱ्यातला संपला होता, म्हणून बाजारातून आणलेली पुडी फोडली. तो कुठला भंडारा. नुसती रंगीत भुकटी. मूठभर घेतली आणि हौदभर उधळली. पाणी पिवळं झालं. छान दिसत होतं. मी उभी राहून कौतुकानं बघत होते.

तीन बाजार थांबायचं, हे खरं काम. भंडारा हा शेवटचा आनंद. मी काम टाकलं आणि आनंद तेवढा उचलला. तोही चुकीच्या जागी.

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी मासे हौदाच्या भिंतीला अंग घासायला लागले. पाचव्या दिवशी बघते तर केशरी माशांच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके. सहाव्या दिवशी चिलाप्यांच्या परांवरही तेच. कल्ले पिवळट, तोंडं पाण्याबाहेर काढून आ करत होते. हे कंपनीत. मी आपल्या डोक्यानं अर्ध्याहून जास्त पाणी उपसून टाकलं आणि विहिरीऐवजी शेजारच्या उसातल्या बोअरचं ताजं पाणी सोडलं. तेच पाणी परकं. कितीदा ऐकलं होतं मी ते वाक्य.

सातव्या दिवशी सकाळी काठी नव्हती म्हणून पळीनं काठावर तीनदा वाजवलं. कुणी वर आलं नाही. कारण सगळे आधीच वर होते, आडवे.

मी गोणपाट अंथरलं आणि एकेक काढून त्यावर ठेवला. वीस मासे. हौदाशेजारी बसून मी जे रडले, तशी सासूबाईंसाठीही रडले नव्हते. खोटं कशाला बोलू? मला तीन बाजार दिले होते या माणसानं. परक्या घरात माझा जीव लागावा म्हणून दिले होते. आणि मला त्याच्या माशांसाठी एकसुद्धा बाजार थांबता आलं नाही. लिंबाच्या झाडाखाली खड्डा करून मी सगळ्यांना पुरलं.

इथं थांबले असते तरी चाललं असतं. आबांना खरं सांगितलं असतं तर त्यांना दुःख झालं असतं, पण ते दुःख सरळ झालं असतं. मी थांबणारी नव्हे. नणंदेला फोन केला, ऊसतोड चालू आहे, धूळ फार उडतेय, आबांना अजून आठवडा ठेवून घ्या. हौद घासला, धुतला. पुन्हा दौंड गाठलं. भावाला म्हटलं, नदीवर जा, जाळेवाल्यांना सांग, मला चौदा चिलापी पाहिजेत, एवढ्या मापाच्या, जिवंत. तो माझ्या तोंडाकडे बघून काही न विचारता गेला. झाकणाच्या दोन बादल्यांत मासे घेऊन, भाड्याची गाडी करून आले. चिलापी चिवट जात, चौदाही जगले.

पण तुटकी नव्हती. आबा शेपटीला हात लावणार, हे मला ठाऊक होतं. मग मी घरातली कात्री आणली, एक मासा ओल्या फडक्यात धरला आणि त्याची शेपटी कापली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही. मासा हातात वळवळला ते अजून या तळव्याला आठवतं.

आबा आले. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगावर नणंदेनं घेतलेला नवा सदरा. गाडीतून उतरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वाळलीस गं." घरात न जाता तसेच हौदाकडे निघाले. मी मागोमाग.

काठी तीनदा वाजवली. एक मासा हलला नाही. पुन्हा वाजवली. जे वर होते ते तळाला गेले.

"तुमी लई दिसांनी आलाय ना आबा," मी म्हटलं, "इसरली असत्याल."

आबांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी उन्हात काढू नका म्हणून बजावलं होतं. काठाला दोन्ही हात टेकून वाकून बघत राहिले. किती वेळ, मला सांगता यायचं नाही. मग वर खडीच्या ड्रमाकडे बघितलं. पुदिन्याच्या बुडाशी खडी पिवळी होती, कितीही धुतली तरी तो रंग गेला नव्हता.

"पिवळं काय हाय ते?"

"भंडारा. तुमी येणार म्हून लावला."

"बरं." त्यांनी पाण्यात हात घातला, पेंडेशिवायच. मासे लांब लांब राहिले. कापलेल्या शेपटीची ती मात्र जवळून गेली. आबांनी हात काढून धोतराला पुसला. "दिसली," म्हणाले. "ग्वाड हायती."

माझा जीव भांड्यात पडला. अशी मी! मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशीपासून आबा हौदाशी बसायला लागले, पण काठाला नाही. चार पावलं लांब, पोतं टाकून. काठी वाजवायचे नाहीत, हात घालायचे नाहीत. नुसते बसायचे. पहिला बाजार झाला तेव्हा पोतं जरा पुढं सरकलं. मला वाटलं, ऊन टाळत असतील. दुसरा बाजार झाला, पोतं आणखी पुढं आलं. मी बाजारातून टोपली घेऊन येत होते, लांबूनच ते बघितलं, आणि माझे पाय तिथंच थांबले. नवीन जनावराजवळ आबा असेच बसायचे.

पुढचे सहा दिवस मी घरात सगळ्यांवर ओरडत होते. मीठ कमी, पाणी जास्त, दार का उघडं, काहीही. तिसरा बाजार झाला. त्या संध्याकाळी आबा उठून काठाशी गेले आणि काठी तीनदा वाजवली. मी टोपली घेऊन मागं उभी होते. मासे आले, सगळे आले. त्यात ती कापलेल्या शेपटीचीही होती.

माझ्या हातातून टोपली खाली गेली. "आबा, मी मारली तुमची मासं."

"ठावं हाय," आबा म्हणाले. वळलेसुद्धा नाहीत.

"कवापासनं?"

"आलो त्याच दिशी. तुटकीची शेपूट फाटल्याली व्हती. हिची कापल्याली हाय. मेंढरांच्या कानाला खुणंची खाच पाडण्यात जल्म गेला माजा." मग म्हणाले, "मुक्या जिवाला पुन्यांदा कात्री लावू नगंस."

एवढाच राग. मला वाटत होतं त्यांनी ती काठी माझ्या पाठीत घालावी. मी रडत रडत सगळं सांगितलं. केशरी मासे, पिशवी, पुडीतला भंडारा, बोअरचं पाणी, लिंबाखालचा खड्डा. तुम्हाला रंग दिसावेत म्हणून केलं, असं मी म्हटलं. ते ऐकत होते, मान हलवत होते. मी संपवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"कशी व्हती गं दिसायला?"

"कोण आबा? ती केशरी?"

"न्हाई गं. माजी. हाताला समदी ठावं हायती मला. डोळ्यानं तेवढी बघायची ऱ्हायली. तू तर रोज बघत व्हतीस. सांग की. तुटकी कशी व्हती? त्यो हावरट कसा व्हता?"

मी तोंड उघडलं. चार वर्षं रोज त्या हौदावरून मी शंभर फेऱ्या मारल्या असतील. भाजी खुडली, मोटार चालू केली, पेंड टाकली. करडे होते? काळपट होते? पोटाला पांढरे होते की पिवळे? अंगावर पट्टे होते का? मला एकही मासा आठवेना. मला आठवत होते ते गोणपाटावरचे, पिवळ्या कल्ल्यांचे. ते मी एकेक सांगू शकले असते, आजही सांगू शकते. पण ते त्या माणसाला कसं सांगणार होते?

"मला न्हाई सांगता येत, आबा," मी म्हटलं. "मी बघितलीच न्हाईत."

"बरं," आबा म्हणाले. मग खिशातला पेंडेचा चुरा काढला आणि वरूनच पाण्यात टाकला. मासे उसळले, पाणी त्यांच्या नव्या सदऱ्यावर उडालं. आबा त्यानंतर सहा वर्षं होते. रोज काठी वाजवायचे, रोज खायला घालायचे, मासे रोज यायचे. पण त्या पाण्यात हात त्यांनी पुन्हा कधी घातला नाही.